शीवचा पाऊस, तंजावरचा पाऊस

आजचा भाग शीवमधून, घरूनच रेकॉर्ड केलाय. मागे पावसाचा आवाज येतोय, तो काढायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. राहू दे, विषयही पाऊसच आहे.

सुरुवातीला दोन तारखा. हवामान खात्याच्या सध्याच्या वेळापत्रकात मुंबईत मोसमी पाऊस पोचायची सर्वसाधारण तारीख आहे ११ जून. आणि तमिळनाडूत मेट्टूर धरणातून तंजावर भागातल्या भातशेतीसाठी पाणी सोडायची ठरलेली तारीख आहे १२ जून. म्हणजे शीव आणि तंजावर ही सरळ रेषेत साधारण १,१०० किलोमीटर लांब असलेली दोन ठिकाणं एकाच आठवड्यात पाण्याची वाट बघतात. फक्त आम्ही आभाळाकडे बघतो आणि ते धरणाकडे.

आता तंजावरच का? कारण तिथे जवळपास पावणेदोनशे वर्षं मराठी राज्य होतं. शहाजीराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. ते राज्य १८५५ पर्यंत टिकलं. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो आजही तिथे आहे.

व्यंकोजी तंजावरात बस्तान बसवत होते, त्याच वर्षांत इथे शीवच्या टेकडीवर इंग्रज किल्ला बांधत होते. गव्हर्नर जेराल्ड आँजिए, १६६९ ते १६७७. शीव म्हणजे वेस, हद्द. इथे मुंबईची बेटं संपायची आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. साष्टी आधी पोर्तुगीजांची होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर ती पक्की मराठ्यांकडे आली आणि पुढची पस्तीस-एक वर्षं राहिली. म्हणजे या टेकडीवरून मराठ्यांचा मुलूख नुसत्या डोळ्यांनी दिसायचा.

माणसांनी आखलेली ही हद्द झाली. पावसाची हद्द वेगळीच आहे, तिचं नाव सह्याद्री.

जूनमध्ये नैर्ऋत्येकडून समुद्रावरचे ओले वारे येतात, सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि अलीकडेच रिकामे होतात. जून ते सप्टेंबरमध्ये सांताक्रूझला २,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर उतरून पलीकडे गेलेल्या वाऱ्यात फारसं पाणी उरत नाही. तंजावरला अख्ख्या वर्षात साधारण १,००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. तेव्हा वारे उलटे फिरलेले असतात. ते ईशान्येकडून येतात, बंगालच्या उपसागरावर ओलावा उचलतात आणि तमिळ किनाऱ्यावर बरसतात. आपल्याकडे पोचतात ते जमिनीवरून, कोरडे होऊन. म्हणून आपली दिवाळी म्हणजे पहाटेचा गारवा, आणि तंजावरची दिवाळी ऐन पावसाळ्यात.

आता मुद्द्याची गोष्ट. तंजावरला जगवणारी कावेरी उगम पावते कोडगूत, तलकावेरीला. म्हणजे सह्याद्रीतच! आपल्यावर कोसळणारा तोच नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथे डोंगरात पडतो, आणि साधारण ८०० किलोमीटर लांबीच्या नदीतून पूर्वेला वाहत जातो. आमच्या बिल्डिंगमधल्या मामींचं माहेर तंजावरकडचं. त्या एकदा म्हणाल्या, "तुमचा पाऊस वरून पडतो रे, आमचा चालत येतो." मी इतके दिवस नकाशे बघत होतो, मामींनी एका वाक्यात उरकलं.

सणसुद्धा बघा. ऑगस्टच्या सुरुवातीला कावेरीकाठी आडिपेरुक्कू असतो. नदीला पाणी चढलं म्हणून तिची पूजा. त्याच सुमारास आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात, कारण आता दर्या शांत होणार. एकाच पावसाचे दोन सण, एक पाणी वाढलं म्हणून, दुसरा खवळलेलं पाणी निवलं म्हणून.

आणि अडचणी एकदम उलट्या. तंजावर म्हणजे सपाट त्रिभुज प्रदेश. तिथे शतकानुशतकं प्रश्न एकच, आलेलं पाणी अडवून वाटायचं कसं. चोळ राजा करिकालाच्या नावाने ओळखलं जाणारं कल्लणै धरण त्यासाठीच. शीवचा प्रश्न, पाणी बाहेर काढायचं कसं. खाडी आणि खाजण बुजवून केलेली सखल जमीन, त्यात भरती असली की नाल्यांचं पाणी समुद्र घेतच नाही. इंग्रजांच्या काळातली गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे तंजावरचा जवळपास वर्षभराचा पाऊस एका दिवसात. आजही जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की गांधी मार्केटला पाणी भरतंच.

मग आपण पाण्याने श्रीमंत आणि ते गरीब, असं म्हणायचं का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण शीवमध्ये पडलेला पाऊस आपण पीत नाही, तो समुद्रात जातो. आपण पितो तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी, सह्याद्रीच्या पायथ्याकडून आणलेलं. तानसा धरण पूर्ण झालं १८९२ मध्ये. आणि योगायोग असा, की कावेरीच्या पाण्यावर मद्रास आणि म्हैसूर यांच्यातला पहिला करार झाला तोही १८९२ मध्येच. दोन्ही ठिकाणं दुसरीकडे पडलेल्या पावसावर जगतात.

फरक एवढाच, की त्यांना ते ठाऊक आहे. २०१२ ते २०१९, सलग आठ वर्षं मेट्टूरची १२ जून हुकली. तिथल्या शेतकऱ्याला कोडगूत पाऊस किती झाला हे माहीत असावंच लागतं. कावेरीच्या पाण्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. २०१८ च्या निकालात तमिळनाडूच्या वाट्याला किती आलं, तर ४०४.२५ टीएमसी, दशांशासकट. आपल्याला नळ सोडला की पाणी येतं. ज्या शहापूर तालुक्यातून ते येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात, आणि ती बातमी आपण स्क्रोल करून पुढे जातो.

राज्यांच्या हद्दी बदलत राहिल्या. शीवच्या पलीकडचे पोर्तुगीज गेले, मराठे गेले, इंग्रजही गेले. तंजावरचं भोसल्यांचं राज्यही गेलं. बदललं नाही ते एवढंच, की वरच्या अंगाला कोणीतरी राहतं आणि आपण खालच्या अंगाला. पुढच्या वेळी नळ सोडाल तेव्हा शहापूरची आठवण काढा.

बाहेरचा पाऊस थांबलेला नाही, पण मी थांबतो. भेटू पुढच्या भागात.