श्वानाला केनेलमध्ये ठेवण्यापूर्वी

दिवाळीत किंवा उन्हाळी सुटीत परगावी जाणारी अनेक कुटुंबे पाळीव श्वानाला केनेलमध्ये, म्हणजेच सशुल्क श्वाननिवासात ठेवतात. जागेची नोंदणी वेळेवर होते. लसीकरणाची आठवण मात्र पुष्कळदा आदल्या दिवशी होते. तेव्हा टोचलेली लस निरुपयोगी ठरू शकते, कारण प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात.

रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस या रोगांवरील लसींची मुदत महिनाभर आधी पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावी. अनेक श्वान एकत्र असतात तेथे 'केनेल कफ' हा संसर्गजन्य खोकला झपाट्याने पसरतो. त्याची लस टोचून घ्यावयाची असल्यास प्रथम दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. गोचिडांवरील औषधही निघण्यापूर्वी द्यावे. लसीकरणाची नोंदवही न मागणारे केनेल टाळणेच उचित. तेथे इतर श्वानांचीही तपासणी झालेली नसण्याची शक्यता असते.

घर कधीही न सोडलेल्या श्वानास प्रथम काही तास आणि नंतर एक रात्र तेथे ठेवून पाहावे. वृद्ध श्वानांसाठी हे विशेष आवश्यक आहे. अन्न अचानक बदलल्यास जुलाब होतात. म्हणून नेहमीचाच आहार सोबत द्यावा. मालकाचा गंध असलेली, न धुतलेली चादरही द्यावी. निरोप लांबवू नये, त्याने श्वान अधिक अस्वस्थ होतो.

माजावर आलेली मादी बहुतेक केनेल स्वीकारत नाहीत. नियमित औषधांचे वेळापत्रक, पशुवैद्यकांचा दूरध्वनी क्रमांक आणि तातडीच्या उपचारांसाठी लेखी संमती व्यवस्थापकांकडे सोपवावी.