‘पोट साफ नाही’ या भीतीचा इतिहास

“डॉक्टर, बाकी काही नाही, फक्त पोट साफ होत नाही.” हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी बोलला असाल. त्यापाठोपाठ बहुतेकदा दुसरं वाक्य येतं: “त्यामुळे सगळं विष अंगात भिनतंय असं वाटतं.” पहिली तक्रार खरी असते. दुसरी समजूत मात्र फार जुनी आहे आणि तिने माणसांचं बरंच नुकसान केलं आहे. ती कुठून आली हे कळलं, तर बद्धकोष्ठतेला कधी घाबरायचं आणि कधी नाही, हेही समजेल.

विषाची कल्पना

सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या ‘एबर्स पपायरस’ या वैद्यकीय ग्रंथात कोठा साफ करण्याचे अनेक उपाय आहेत. त्यांत एरंडही आहे. आपल्याकडे महिन्यातून एकदा मुलांना सुंठीच्या काढ्यातून एरंडेल पाजणाऱ्या आज्या अनेकांना आठवत असतील.

एकोणिसाव्या शतकात जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध झालं आणि मळ आत कुजतो, या जुन्या कल्पनेला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं वाटलं. फ्रान्समधले डॉक्टर शार्ल बुशार यांनी १८८७ मध्ये ‘ऑटोइंटॉक्सिकेशन’, म्हणजे शरीराला स्वतःच्याच विषाची बाधा, हा सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. मग डोकेदुखी, थकवा, उदासी, त्वचेचे विकार या सगळ्यांचं खापर मोठ्या आतड्यावर फुटू लागलं.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले नामवंत सर्जन सर विल्यम आर्बथनॉट लेन तर आणखी पुढे गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बद्धकोष्ठतेसाठी रुग्णांचं मोठं आतडंच काढायला सुरुवात केली. त्यांच्या रुग्णांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यातले काही रुग्ण शस्त्रक्रियेमुळे दगावले. १९१३ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर मोठा वाद झाला. लेन यांनीही पुढे सुरी बाजूला ठेवून कोंडा, भाज्या आणि फळांचा प्रचार केला.

साधा प्रश्न, साधा प्रयोग

अमेरिकेतले डॉक्टर वॉल्टर अल्व्हारेझ यांनी १९१९ मध्ये एक मुद्दा मांडला. शौचाला झाल्याबरोबर डोकं हलकं होतं. रक्तात खरंच विष भिनलं असतं, तर ते इतक्या झटपट उतरलं असतं का? दारूची नशा तरी बाटली रिकामी केल्याबरोबर उतरते का?

१९२२ मध्ये डोनाल्डसन या संशोधकाने काही निरोगी स्वयंसेवकांच्या गुदाशयात कापसाचे बोळे ठेवले. कापसात विष कुठलं? तरीही डोकं जड होणं, मरगळ, भूक मंदावणं ही तीच लक्षणं दिसली. म्हणजे त्रास विषाचा नव्हे, आतड्याला बसणाऱ्या ताणाचा होता. त्रास खराच, फक्त कारण वेगळं.

मग ‘रोज एकदा’चं काय?

१९६५ मध्ये ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक लोकांच्या सवयी नोंदवल्या गेल्या. जवळपास सगळे जण दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा या टप्प्यात होते. तेव्हा एक दिवस आड, पण मऊ आणि विनासायास होत असेल, तर तुम्हाला बद्धकोष्ठता नाही. याउलट रोज जाऊनही खडा होत असेल, कुंथावं लागत असेल किंवा अजून राहिलं आहे असं वाटत असेल, तर आहे.

रोज चूर्ण घेणाऱ्यांची गंमत अशी की, जोरदार जुलाबाने आतडं पूर्ण रिकामं होतं. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात “आज झालीच नाही” म्हणून पुन्हा डोस घेतला जातो आणि चक्र सुरू राहतं. बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. तिच्या अतिरेकाने पोटात मुरडा येतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं.

कोंडा परत आला

युगांडात काम केलेले आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांनी १९७२ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलं की, भरपूर तंतुमय अन्न खाणाऱ्या ग्रामीण आफ्रिकी लोकांचा मळ जास्त आणि मऊ असतो आणि लवकर बाहेर पडतो. आपली भाकरी, उसळी, पालेभाज्या, पेरू हेच काम करतात. मात्र तंतू हळूहळू वाढवा. इसबगोल नेहमी भरपूर पाण्याबरोबर घ्या. काहींचं आतडंच मंद असतं किंवा गुदद्वाराचे स्नायू नीट सैल पडत नाहीत. त्यांना कोंड्याने पोट आणखी फुगल्यासारखं होतं. अशांनी मात्रा वाढवत न बसता तपासून घ्यावं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

विषाची भीती खोटी ठरली, म्हणून प्रत्येक बद्धकोष्ठता निरुपद्रवी ठरत नाही. खाली दिलेलं काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका:

- शौचातून रक्त जाणं. “मूळव्याधच असेल” असं स्वतःच ठरवू नका.
- विनाकारण वजन घटणं किंवा रक्त कमी होणं.
- चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने झालेला आणि काही आठवडे टिकलेला बदल.
- जवळच्या नातेवाइकाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं.
- अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना बरेच दिवस शौचाला न होता अचानक पातळ गळू लागणं. हे जुलाब नसून आत खडा अडकलेला असू शकतो.

पोट फुगलंय, उलट्या होताहेत, खूप दुखतंय आणि वाराही सरत नाही, अशी अवस्था असेल तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. आतडं अडल्याची ती खूण असू शकते.

येताना सगळ्या गोळ्या सोबत आणा. लोह, कॅल्शियम, काही वेदनाशामकं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते. थायरॉइड मंद असेल तरीही होते. कित्येकदा इलाज नवं औषध देण्यात नसतो, चालू असलेलं बदलण्यात असतो. मात्र तो बदल स्वतःच्या मनाने करू नका.