ही स्क्रिप्ट चालवणार कोण?

पुण्यात एका छोट्या कंपनीत बिल्ड सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आमचं सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालतं. मुख्य कोड सी प्लस प्लसमध्ये आहे, पण तो कंपाइल होताना मधे मधे पायथनच्या लहानसहान स्क्रिप्ट चालतात. एखादी हेडर फाइल तयार करते, एखादी भाषांतराच्या फाइल गोळा करते, एखादी आवृत्तीचा क्रमांक घालते. टीममध्ये नवीन आलेल्या मुलाचा पहिला बिल्ड तुटतो तो बहुतेक वेळा याच जागी. कोड बरोबर असतो, कंपाइलर बरोबर असतो, आणि स्क्रीनवर येतं की पायथन सापडला नाही. मुलं बिचारी ओशाळतात. त्यांना वाटतं, आपल्याला साधा पायथनही नीट टाकता येत नाही. अशा वेळी मी खुर्ची ओढून शेजारी बसते आणि हा इतिहास सांगते, कारण तो प्रश्न त्यांनी निर्माण केलेला नाही. तो त्यांच्या जन्माच्या आधीपासून चालत आलेला आहे.

सुरुवात 1976ची. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये 'याक' हा प्रोग्राम लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ वाया गेली. चूक कोडमधून काढून झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, आणि ते जुन्याच प्रोग्रामशी झगडत बसले. त्यांचा संताप ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे एका मेकफाइलमध्ये लिहायचं, जी शिळी झाली असेल तेवढीच नव्याने बनवायची. या कामासाठी त्यांना पुढे, 2003 सालचा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकबद्दल लोक टॅबच्या कटकटी सांगतात. मला त्यातला दुसराच निर्णय महत्त्वाचा वाटतो. फाइल कशी बनवायची याच्या ओळी मेक स्वतः चालवत नाही, शेलच्या हवाली करतं. प्रोग्राम कुठे आहे, तो कसा सुरू करायचा, त्याला काय काय द्यायचं, हे सगळं शेलने बघायचं. बेल लॅब्समध्ये हा निर्णय अगदी योग्य होता. तिथे युनिक्स होतं आणि प्रत्येक युनिक्सवर शेल होतंच. पण तेव्हापासून बिल्डच्या पोटात एक गृहीतक जाऊन बसलं, की दिलेली ओळ समजणारं कुणीतरी पलीकडे आहे.

तेव्हा स्क्रिप्ट चालायची कशी, हेही बघण्यासारखं आहे. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, स्क्रिप्ट समजत नसे. तो नकार द्यायचा, मग शेल म्हणायचं, हा प्रोग्राम नाही तर माझ्याच आज्ञांची फाइल असणार, आणि ती वाचत सुटायचं. एकच शेल होतं तोवर हे निभावलं. बर्कलीत सी शेल आलं आणि अडचण झाली. मग सी शेलने एक खूण धरली. फाइलचं पहिलं अक्षर # असेल तर ती माझी, नाहीतर जुन्या शेलची. दोघांत वाटणी करायला तेवढं पुरलं.

जानेवारी 1980मध्ये डेनिस रिची यांनी एका पत्रात वेगळा बदल कळवला. फाइलची पहिली दोन अक्षरं #! असतील, तर त्यांच्यापुढे लिहिलेला प्रोग्राम कर्नल स्वतः सुरू करील आणि ही फाइल त्याच्या हाती देईल. कल्पना आपली नाही, बर्कलीच्या लोकांच्या एका परिषदेत कुणाकडून तरी ऐकली, असं त्यांनी प्रांजळपणे सांगितलं आहे. मला हा बदल फार थोर वाटतो. स्क्रिप्ट कुणी चालवायची हे स्क्रिप्टच सांगू लागली. तिला बोलावणाऱ्याला, म्हणजे मेकलासुद्धा, ती शेलची आहे की आणखी कशाची, हे कळण्याची गरज उरली नाही. 1987मध्ये पर्ल आलं आणि नंतर पायथन, तेव्हा त्यांच्या स्क्रिप्ट सी प्रोग्रामच्या पंगतीत बसल्या त्या या एका ओळीच्या बळावर.

पण त्या ओळीत पूर्ण पत्ता लागतो. एका मशीनवर पर्ल /यूएसआर/बिन मध्ये, दुसऱ्यावर /यूएसआर/लोकल/बिन मध्ये. त्यावर लोकांनी 'एन्व्ह' या प्रोग्रामचा आधार घेतला. त्याचं मूळ काम वातावरणातले व्हेरिएबल बदलून दुसरा प्रोग्राम सुरू करणं. तो प्रोग्राम शोधताना एन्व्ह 'पाथ' या यादीतले फोल्डर बघतं, म्हणून त्याचा पत्ता पक्का लिहायचा आणि पायथन शोधायचं काम त्याच्यावर सोपवायचं. हेही पूर्ण जमलं नाही. लिनक्सचा कर्नल त्या ओळीतल्या प्रोग्रामच्या नावापुढचं सगळं एकाच तुकड्यात देतो, त्यामुळे पायथनला एखादा पर्याय द्यायला गेलं की एन्व्ह त्या दोन्हींचं मिळून एकच नाव समजतं. ग्नू कोअरयुटिल्सच्या एन्व्हमध्ये ते तोडण्याची सोय 2018मध्ये झाली. शिवाय लिनक्सवर ती पहिली ओळ 127 अक्षरांपुढे वाचली जात नसे. बिल्ड सर्व्हरवर फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, आणि सगळ्यात आत पायथनचं स्वतंत्र वातावरण. असा पत्ता 127 अक्षरं सहज ओलांडतो, आणि डोळ्यांसमोर असलेली फाइल चालत नाही. 2019च्या 5.1 आवृत्तीत ही मर्यादा दुप्पट झाली.

विंडोजचं घराणंच निराळं. त्याच्या पूर्वज डॉसमध्ये फाइल चालणार की नाही हे तिच्या आडनावावरून ठरायचं, कॉम, ईएक्सई किंवा बॅट. आत पहिली ओळ काय आहे हे बघण्याची रीत तिथे कधीच नव्हती. 1983च्या डॉस 2.0मध्ये फोल्डर आले, पण तिरपी रेघ आधीच पर्याय देण्यासाठी वापरात होती, म्हणून पत्त्यात उलटी रेघ आली.

रेघेचा फरक वरवरचा आहे. खोलवरचा फरक असा, की युनिक्समध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करतो तेव्हा प्रत्येक शब्द वेगळा देतो. विंडोजमध्ये सगळ्यांची मिळून एकच सलग ओळ दिली जाते आणि ती कुठे तोडायची हे घेणारा प्रोग्राम आपल्या मताने ठरवतो. विंडोज 95ने तर 'प्रोग्राम फाइल्स' असं मधे जागा असलेलंच नाव प्रोग्रामांच्या मुख्य फोल्डरला दिलं. अवतरण चिन्हं कुठे आणि किती लावायची, यावर माझ्या ओळखीतल्या प्रत्येक बिल्डवाल्याने आयुष्यातल्या संध्याकाळी घातल्या आहेत. बॅच फाइल, म्हणजे ती बॅट आडनावाची, असेल तर विंडोज न सांगता आपल्या सीएमडी या शेलला मधे घेतं, आणि त्याचे अवतरणाचे नियम आणखी वेगळे. या फटीतून हल्लेखोर भलत्याच आज्ञा घुसवू शकतो, हे एप्रिल 2024मध्ये जाहीर झालं. रस्ट या भाषेने 1.77.2 ही दुरुस्त आवृत्ती काढली. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडने त्याच महिन्यात बॅच फाइल शेलशिवाय थेट सुरू करायला नकार द्यायला सुरुवात केली, आणि त्यावर विसंबलेल्या स्क्रिप्ट अडल्या. नोडचा निर्णय मला पटतो. बिल्ड अडला तरी चालेल, चोरवाट उघडी नको.

आपल्या लिपीचाही इथे संबंध येतो. विंडोजमधले जुने प्रोग्राम अक्षरांसाठी कोड पेज वापरतात, आणि देवनागरीसाठी विंडोजने असं कोड पेज कधी दिलंच नाही. मराठी आणि हिंदी तिथे आल्या त्या फक्त युनिकोडमधून. परिणाम असा, की फोल्डरचं नाव 'प्रकल्प' असेल तर पायथन 2च्या साध्या स्ट्रिंगमध्ये त्याची नुसती प्रश्नचिन्हं व्हायची, आणि प्रश्नचिन्हांच्या पत्त्यावर कुठलीच फाइल नसते. पायथन 3.6ने 2016मध्ये विंडोजवरच्या पत्त्यांसाठी यूटीएफ-8 स्वीकारलं. त्याआधी मुलांना 'फोल्डरचं नाव इंग्रजीत ठेवा' असं सांगताना मला दरवेळी वाईट वाटायचं. स्वतःच्या मशीनवर स्वतःच्या भाषेत नाव देता यायलाच हवं.

पायथनने आपल्या बाजूनेही गुंता वाढवला. 'पायथन' म्हणजे दुसरा की तिसरा? आर्च लिनक्सने 2010मध्ये तिसरा ठरवला, बाकीचे दुसऱ्याला धरून राहिले. उबुंटू 20.04मध्ये नुसत्या 'पायथन' नावाची आज्ञा मुळात मिळेनाशी झाली. मॅकने 2022मध्ये 12.3 आवृत्तीत पायथन 2 काढून टाकला. विंडोज 10मध्ये 2019पासून त्या नावाची एक फाइल आयतीच असते, पण ती चालवली की मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं पान उघडतं. नवशिक्यासाठी ते ठीक आहे. बिल्डसाठी मात्र ते भयंकर, कारण शोधणाऱ्याला पायथन 'सापडतो' आणि चालत नाही.

या कोंडीतून दोन वाटा निघाल्या. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पैशातून प्रतिमाविश्लेषणाचा एक मोठा प्रकल्प उभा राहत होता. तो युनिक्स आणि विंडोज दोन्हींवर बनायला हवा, म्हणून किटवेअर कंपनीने 2000च्या सुमारास सीमेक हे बिल्डचं साधन लिहिलं. त्यांनी ठरवलं, की सी प्लस प्लसच्या कंपाइलरपलीकडे कशावरही विसंबायचं नाही. फाइल कॉपी करणं, फोल्डर बनवणं अशी शेलची कामंसुद्धा सीमेक स्वतः करून देतं. 2013मध्ये सुरू झालेल्या मेसॉनने उलटी वाट धरली. ते स्वतःच पायथनमध्ये लिहिलेलं आहे, म्हणजे मेसॉन चालत असेल तर एक पायथन हाताशी आहेच.

मेसॉनचा कोड वाचताना मला सगळ्यात भावलेली जागा वेगळी आहे. विंडोजवर एखादी स्क्रिप्ट सुरू करायची असेल तर मेसॉन ती फाइल उघडतं, पहिली ओळ वाचतं, #! दिसलं तर पुढे एन्व्ह असेल ते बाजूला काढतं, आणि 'पायथन 3' लिहिलं असेल तर ज्या पायथनवर आपण चालतो आहोत त्याच्याच हाती स्क्रिप्ट देतं. पायथनच्या विंडोज आवृत्तीबरोबर 3.3पासून, म्हणजे 2012पासून, मिळणारा लाँचरही हेच करतो. विंडोजवर /यूएसआर/बिन नावाचं काहीही नसतं, तरी तो पत्ता वाचून लाँचर योग्य पायथन उघडतो. विंडोजच्या कर्नलने जे काम करायला नकार दिला, ते साध्या प्रोग्रामांनी आपल्याकडे घेतलं.

आमच्या बिल्डमध्ये मी आता एक सक्ती ठेवली आहे. कोणतीही स्क्रिप्ट चालवण्याआधी सापडलेल्या पायथनलाच विचारायचं, तू कितवा आणि कुठून चालतोस, आणि त्याचं उत्तर लॉगच्या अगदी पहिल्या ओळींत छापायचं. पुढे बिल्डमधली एकही स्क्रिप्ट नुसत्या नावाने बोलावली जात नाही, त्याच छापलेल्या पत्त्याने बोलावली जाते. नवीन मुलाचा बिल्ड तुटला की आम्ही दोघं आधी त्या ओळी वाचतो.