मराठवाड्याच्या पूर्व शिवेची कुळकथा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन महसुली मंडळं नांदेड जिल्ह्यातून निघाली आणि आदिलाबाद जिल्ह्यात गेली. त्याच दिवशी देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं निजामाबादला जोडली गेली. उलट दिशेने आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके नांदेडात आले आणि बोथ तालुक्यातून एकटं इस्लापूरचं मंडळ काढून तेही नांदेडला दिलं गेलं. बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले, नारायणखेड आणि जहीराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात गेला, उरलेला बिदर म्हैसूरला मिळाला.

राज्य पुनर्रचना कायद्यात ही सगळी नावं मोजक्या ओळींत येतात. त्या ओळींमुळे लाखो माणसांची शाळेची भाषा बदलली, कचेरी बदलली, राजधानी बदलली. मराठवाड्याची पूर्वेकडची शीव दिल्लीने आखली, असं आपण सहज म्हणतो. दिल्लीने तिच्यावर शिक्का मारला हे खरं. पण या शिवेचं मूळ शोधायचं तर हैदराबादलाच जावं लागतं.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. निजामाच्या मुलखात गोदावरी आणि मांजरा या नद्यांच्या आसपास दगड बदलतो. पश्चिमेला काळा पाषाण आणि त्याची काळी, ओल धरणारी जमीन. तिच्यात ज्वारी, कापूस, गहू. पूर्वेला ग्रॅनाइटचे गोल गोटे, तांबडी माती, जागोजागी बांधलेले तलाव आणि त्यांच्या पाण्यावरचा भात. काळ्या मातीच्या बाजूला मराठी आणि तलावांच्या बाजूला तेलुगू, अशी ढोबळ वाटणी इंग्रजांच्या गॅझेटियरनेही नोंदवली आहे. मात्र ही वाटणी म्हणजे रेषा नव्हती. दोन्ही भाषा बोलणारी, दोन्हीकडे सोयरीक असणारी गावं मधल्या रुंद पट्ट्यात होती आणि आजही आहेत.

या पट्ट्याच्या दोन बाजू कागदावर प्रथम वेगळ्या झाल्या त्या हैदराबादच्या दफ्तरखान्यात. निजामाच्या महसुलाचा हिशेब दोन वंशपरंपरागत दफ्तरदारांकडे होता. मराठवाडीचा हिशेब दफ्तर-ए-दिवाणीत, रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे. तेलंगणाचा हिशेब दफ्तर-ए-मालमध्ये, मालवाला या कायस्थ घराण्याकडे. मुलूख एकाच राजाचा, पण वह्या दोन, आणि कारकुनांच्या दोन परंपरा. मराठवाड्यातले कागद मोडीत लिहिले जात आणि फारसी दरबारात त्यांचा गोषवारा जाई.

पुढे सालारजंग आला. १८५३ साली वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या हवाली करण्याची वेळ निजामावर आली, कारण इंग्रजांच्या हुकमतीखालच्या कंटिंजंट फौजेचा पगार थकला होता. त्याच वर्षी चोविसाव्या वर्षी मीर तुराब अली खान, म्हणजे पहिला सालारजंग, दिवाण झाला. खजिना रिकामा होता आणि जिल्हेच्या जिल्हे सावकारांकडे आणि अरब-रोहिल्या जमादारांकडे गहाण पडले होते. वसुलीचा गुत्ता घेतलेला माणूस रयतेकडून जमेल तेवढं ओढून घेई आणि सरकारला जेमतेम ठरलेला आकडा देई. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. तेव्हापासून वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

सालारजंगाने १८६५ साली जिलाबंदी केली. सगळ्या खालसा मुलखाचे पाच विभाग आणि चौदा जिल्हे पाडले. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार. तालुक्याच्या आत गिरदावराचं सर्कल, म्हणजेच मंडळ, आणि गावात पटवारी, माली पाटील, पोलीस पाटील. मराठवाड्यातली जुनी माणसं मंडळ अधिकाऱ्याला आजही गिरदावर म्हणतात. घोड्यावरून आपल्या सर्कलमधली गावं फिरायची, पिकं पाहायची, पटवाऱ्याच्या वह्या तपासायच्या, हे त्याचं काम. सर्कलची हद्द ठरे ती एका माणसाच्या फिरतीच्या सोयीने. ओढा कुठे आडवा येतो, बाजाराचं गाव कोणतं, वसूल कुठे जमा होतो, हे त्यात पाहिलं जाई. गावात कोणती भाषा बोलतात हा प्रश्न तिथे नव्हता.

या व्यवस्थेतही मोठी भोकं होती. संस्थानाचा सुमारे ६० टक्के मुलूख दिवाणीत, म्हणजे थेट सरकारी कारभारात होता; बाकीचा जहागिरी, पायगा सरदारांचे इलाखे आणि निजामाची खासगी सर्फ-ए-खास यांत विखुरलेला. एकाच तालुक्यात सरकारी गावाला लागून जहागिरीचं गाव असे आणि तिथला कारभार निराळा असे. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या, तेव्हा ही गावं तालुक्यांत सामावली आणि नकाशा सलग झाला. सात वर्षांनी याच नव्या नकाशावर भाषेची कात्री चालली.

भाषा हा राजकारणाचा मुद्दा होण्याची जागाही हैदराबादच. संस्थानात जवळपास निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, पाव मराठी, शिवाय कन्नड आणि उर्दू. राज्यकारभार उर्दूत, १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मराठी माणसांनी आपल्या भाषेसाठी संस्था उभ्या केल्या. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा सुरू झाली, १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय आलं आणि १९३१ साली श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरलं. हा वारसा अभिमानाचा आहे.

त्याच विवेकवर्धिनीच्या सभागृहात नोव्हेंबर १९२१ मध्ये निजाम संस्थानची सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणं लोकांनी शांतपणे ऐकली. मग आलमपल्ली वेंकट रामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि श्रोत्यांतल्या मराठी मंडळींनी गलका करून त्यांना बोलू दिलं नाही. ज्या शहराच्या भोवती तेलुगू मुलूख पसरला आहे तिथे तेलुगूला व्यासपीठ नाही, हा अपमान तेलुगू कार्यकर्त्यांना सहन झाला नाही. त्यातून आंध्र जनसंघम जन्माला आला, माडपाटी हनुमंतराव त्याचे आधारस्तंभ झाले आणि १९३० साली जोगीपेटला आंध्र महासभेचं पहिलं अधिवेशन झालं. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. कन्नड भाषकांनीही आपली परिषद काढली. म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आधीच संस्थानातलं सार्वजनिक जीवन भाषेप्रमाणे तीन ओळींत विभागलं गेलं होतं. आपल्या बाजूच्या त्या दिवसाच्या उद्दामपणाची नोंद आपल्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी. शिवेच्या कुळकथेत तो एक जन्मदाखला आहे.

या ओळी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसच्या लढ्यात एकत्र आल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि लगेच प्रश्न उभा राहिला की हैदराबाद एकसंध ठेवायचं की तोडायचं. नेहरूंचा कल सुरुवातीला एकसंध ठेवण्याकडे होता. स्वामीजींनी संस्थानाच्या विसर्जनाची बाजू ठामपणे मांडली. सरंजामी राज्याच्या चौकटीत तीन भाषांची प्रजा कोंडून ठेवू नये, प्रत्येकाने आपल्या भाषेच्या माणसांत जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मराठी मुलूख एका राज्यात आणण्याच्या १९५३ च्या नागपूर करारावर मराठवाड्याच्या नेत्यांनी सह्या केल्या आणि दिशा पक्की झाली.

फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. मराठवाडा मुंबई राज्यात जावा, तेलंगणाचं हैदराबाद राज्य तूर्त वेगळं राहावं आणि बिदर जिल्हा त्यात घालावा, अशी त्यांची शिफारस होती. हद्द ठरवताना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हे एकक मानलं. हैदराबादच्या बाबतीत संसदेने ते मोडलं. बिदरमध्ये कोणत्याच भाषेला बहुमत नव्हतं, म्हणून जिल्ह्याऐवजी तालुका पाहिला गेला. तालुकाही मिश्र निघाला तिथे गिरदावराचं सर्कल पाहिलं गेलं. त्याखाली कोणी उतरलं नाही. गावापर्यंत कात्री पोचलीच नाही.

मराठवाड्याच्या शिवेवरचं बरंचसं दुखणं इथून सुरू झालं, असं मला वाटतं. भाषेच्या नावाने केलेली वाटणी वसुलीच्या वर्तुळांवरून गेली. मुधोळ तालुक्यातली तीन मंडळं पलीकडे गेली आणि तालुक्याचा उरलेला भाग नांदेडातच राहिला. मुधोळबरोबर गोदाकाठचं बासर तेलुगू बाजूला गेलं. नांदेडचे मराठी आईबाप मुलांच्या अक्षराभ्यासासाठी आजही तिथे सरस्वतीच्या देवळात जातात. राजुरा १९५९ साली नांदेडमधून काढून चांदा जिल्ह्याला जोडला गेला. त्या भागातल्या, आता जिवती तालुक्यात मोडणाऱ्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथल्या लोकांकडे दोन राज्यांची रेशनकार्डं आहेत, दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत नावं आहेत, मुलांसाठी मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा आहेत. दोन सरकारं असूनही जमिनीच्या पट्ट्याची खात्री मात्र त्यांना कोणी देत नाही.

गाव हे एकक मानून हद्द ठरवता येते, हे त्याच दशकात सिद्ध झालं होतं. आंध्र आणि मद्रास यांच्यातला वाद हरि विनायक पाटसकर या मराठी कायदेपंडिताकडे सोपवला गेला. त्यांनी गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या या कसोट्यांवर निवाडा दिला आणि १९५९ साली त्याचा कायदा झाला. पुढे बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्राने याच कसोट्या मांडल्या. आपण बेळगावसाठी गावनिहाय न्याय मागतो, तर तोच न्याय पूर्वेच्या शिवेलाही लावला पाहिजे, मग त्यात काही गावं आपल्याकडे येवोत वा पलीकडे जावोत. चौदा गावांचा प्रश्न कोणाच्या अभिमानाचा नाही. तो तिथल्या माणसांच्या सातबाऱ्याचा आहे आणि त्यांना विचारूनच सुटला पाहिजे.

या शिवेच्या इतिहासाचे पुरावे हैदराबादेत आहेत. तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात निजामाच्या दफ्तरांतले मोडी कागद आहेत. मराठवाड्याची वतनं, इनामं, गावांचे हिशेब त्यांत आहेत. मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी आणि हैदराबादच्या मराठी संस्थांनी मिळून मोडी वाचणारी तरुण मुलं तिथे पाठवावीत, त्यांच्याकडून गाववार सूची करून घ्यावी आणि ती मराठीत आणि तेलुगूतही छापावी. १९२१ साली ज्या शहरात एका भाषेने दुसरीला बोलू दिलं नाही, त्याच शहरात दोन्ही भाषांनी एकत्र बसून आपल्या सामाईक शिवेचा इतिहास लिहिणं हे आपलं देणं आहे.