इ. स. १९२२ : तीन उत्खनने आणि एक कालगणना

पुरातत्त्वाच्या इतिहासात इ. स. १९२२ या वर्षाचे स्थान असाधारण आहे. त्या वर्षाच्या हिवाळी मोसमात ईजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर सापडली, इराकमध्ये ऊर या प्राचीन नगरीच्या उत्खननास प्रारंभ झाला आणि सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या टेकाडावर कुदळ पडली. या तिन्हींपैकी पहिल्या शोधाची वार्ता काही दिवसांतच जगभर पसरली. तिसऱ्याचे मर्म कळण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. तथापि इतिहासाच्या ज्ञानात सर्वांत मोठी भर घातली ती या तिसऱ्या, सोन्याचा झगमगाट नसलेल्या उत्खननानेच.

४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर यांच्या मजुरांना राजांच्या दरीत खडकात खोदलेली एक पायरी लागली. सहाव्या रामेसीसच्या काळातील कामगारांच्या झोपड्यांचे अवशेष तिच्यावर पडलेले असल्यामुळे ती जागा शतकानुशतके झाकलेली राहिली होती. २६ नोव्हेंबर रोजी लॉर्ड कार्नारव्हन यांच्या उपस्थितीत आतील दाराला भोक पाडण्यात आले. कबरीतून पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. परंतु त्या भराभर बाहेर काढण्याचा मोह कार्टर यांनी टाळला. प्रत्येक वस्तूस क्रमांक देणे, ती जागेवर असतानाच तिचे छायाचित्र घेणे व नाजूक वस्तूंवर रासायनिक प्रक्रिया करणे या कामी सुमारे दहा वर्षे लागली. तुतनखामेन हा अल्पवयात निवर्तलेला राजा होता. ईजिप्तची राजवंशावळ व लिपी आधीच ज्ञात असल्याने त्याचा काळ, म्हणजे इ. स. पू. चौदावे शतक, ठरविण्यास अडचण नव्हती. कबरीने ज्ञात इतिहासास अपूर्व वैभव दिले. त्याची चौकट मात्र बदलली नाही.

ऊर येथे ब्रिटिश म्युझियम व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे म्युझियम यांच्या संयुक्त मोहिमेचे नेतृत्व लेनर्ड वुली यांच्याकडे होते. पहिल्याच मोसमात एका चरात सोन्याचे मणी दिसू लागले. कोणीही तेथेच खोदकाम वाढविले असते. वुली यांनी मात्र ते थांबविले. कारण मजूर नवखे होते आणि स्तरांचा अनुक्रम अद्याप निश्चित झालेला नव्हता. सुमारे चार वर्षांनी, १९२६ साली, त्या दफनभूमीचे पद्धतशीर उत्खनन सुरू झाले आणि इ. स. पू. २६०० च्या सुमाराच्या राजकबरी उजेडात आल्या. त्यांत क्षाराने पांढरी नक्षी उठविलेले तांबड्या अकीकाचे मणी मिळाले. या मण्यांचा उगम सिंधू खोऱ्याकडे जातो.

सिंध हा त्या काळी मुंबई इलाख्याचा भाग होता व तेथील प्राचीन स्थळे पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाकडे येत. या विभागाचे मुख्य ठाणे पुण्यास होते. १९११-१२ साली विभागाचे तत्कालीन प्रमुख देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी मोहेंजोदडोची पाहणी केली होती. विटा अर्वाचीन घडणीच्या आहेत व कोरीव मृण्मय काम आढळत नाही, यावरून हे गाव सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे असावे, असे त्यांनी नोंदविले. हे अनुमान चुकले. पण त्यामागे हलगर्जीपणा नव्हता. इतक्या जुन्या पक्क्या विटांची नगरी भारतात असू शकते, हे दाखविणारे तुलनेचे साधनच तेव्हा उपलब्ध नव्हते.

त्याच पदावर आलेल्या राखालदास बॅनर्जी यांनी १९२२-२३ च्या मोसमात तेथील बौद्ध स्तूपाच्या परिसरात उत्खनन केले. अज्ञात लिपीच्या मुद्रा हाती येताच त्यांचे हडप्पाच्या मुद्रांशी असलेले साम्य त्यांनी ओळखले. हडप्पाची एक मुद्रा कनिंगहॅम यांनी १८७५ साली प्रसिद्ध केली होती व १९२१ पासून तेथे दयाराम साहनी उत्खनन करीत होते. एकमेकांपासून सुमारे ६४० किलोमीटर दूर असलेल्या दोन स्थळी एकच लिपी असणे हा योगायोग नव्हता.

२० सप्टेंबर १९२४ रोजी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये जॉन मार्शल यांनी हे शोध सचित्र जाहीर केले, मात्र त्यांचा काळ सांगणे त्यांनाही शक्य झाले नव्हते. तो प्रश्न पुढील पंधरवड्यात सुटू लागला. सेस यांनी सूसा येथील, तर गॅड व सिडनी स्मिथ यांनी सुमेरमधील वस्तूंशी असलेले साम्य दाखवून दिले. पुढे किश व ऊर येथे प्रत्यक्ष सिंधू धाटणीच्या मुद्रा मिळाल्या. अशा रीतीने भारतीय नगरसंस्कृतीचा प्रारंभ एकदम इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात गेला. मोहेंजोदडोचे वय मोहेंजोदडोच्या मातीने सांगितले नाही. ते टायग्रिस-युफ्रेटीसच्या खोऱ्याने सांगितले.

बॅनर्जी १९३० साली निवर्तले. मार्शल यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ १९३१ साली निघाला. बॅनर्जींचा स्वतःचा अहवाल प्रकाशित होण्यास मात्र १९८४ साल उजाडावे लागले. सिंधू लिपी अद्याप वाचली गेलेली नाही. म्हणूनच या संस्कृतीच्या बाबतीत नोंद, संयम व तुलना हीच अभ्यासकाची मुख्य साधने राहिली आहेत. वस्तू जमिनीतून वर येते तो दिवस शोधाचा आरंभ होय. ती इतिहासात आपल्या जागी बसते तेव्हाच तो पूर्ण होतो.