कृत्रिम मूत्रपिंडाचीं पहिलीं वर्षें

कांहीं शोधांचा इतिहास त्यांच्या यशापासून सांगतां येतो. कृत्रिम मूत्रपिंडाचा इतिहास मात्र अपयशापासून सांगितल्यावांचून कळत नाहीं. हॉलंडमधील काम्पेन ह्या लहानशा गांवीं १९४३ सालीं हें यंत्र माणसावर चालूं लागलें. पहिल्या पंधरा रोग्यांपैकीं एकच वांचला, आणि तोहि यंत्रामुळेंच वांचला असें छातीठोकपणें म्हणतां येण्यासारखें नव्हतें. असें असतांहि तें यंत्र मोडीत निघालें नाहीं, ही गोष्ट आम्हांस मूळ शोधाइतकीच विचार करण्यासारखी वाटते. त्या मृत्यूंत यंत्राचा दोष किती आणि रोग्यांच्या निवडीचा किती, हा प्रश्न तेव्हां उभा राहिला. आणि अत्यवस्थ रोग्याच्या बिछान्याशीं तो अद्यापहि निराळ्या वेषानें उभाच असतो.

मूत्रपिंडाचें काम म्हणजे लघवी तयार करणें, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः तें रक्ताचा जमाखर्च ठेवण्याचें काम आहे. निरोगी मनुष्याच्या मूत्रपिंडांतून दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यांतील दीडएक लिटर बाहेर टाकून बाकीचा सर्व पुन्हा रक्तांत घेतला जातो. हा जमाखर्च थांबला म्हणजे युरिया सांचतो, अंगांत व फुफ्फुसांत पाणी भरतें, आणि पोटॅशियम वाढत जाऊन हृदय एकाएकीं बंद पडतें.

हें काम शरीराबाहेर करतां येईल ह्या कल्पनेचें मूळ टॉमस ग्रॅहम ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत आहे. वनस्पतिजन्य चर्मपत्राच्या पडद्यांतून मीठ, युरिया असे पदार्थ पलीकडच्या पाण्यांत निघून जातात, व डिंकासारखे जड पदार्थ अलीकडेच अडतात, हें त्यानें १८६१ सालीं दाखविलें आणि त्या क्रियेस डायालिसिस हें नांव दिलें. पुढें १९१३ सालीं बाल्टिमोर येथें एबल, राउनट्री व टर्नर ह्या तिघांनीं जनावरांचें जिवंत रक्त कोलोडियनच्या नळ्यांतून खेळवून तें पुन्हा त्यांच्याच अंगांत सोडलें. रक्त गोठूं नये म्हणून त्यांस जळवांच्या डोक्यांतून काढलेलें हिरुडिन वापरावें लागे. आपल्याकडे दूषित रक्त काढण्यासाठीं जळवा लावीत. बाल्टिमोरास त्याच जळवांच्या आधारानें रक्त धुऊन परत देण्याचा घाट घातला गेला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. माणसावर पहिला प्रयोग गीसेन येथील गेओर्ग हास ह्या जर्मन डॉक्टरानें १९२४ सालीं केला. तो जेमतेम पंधरा मिनिटें चालला. हासनें पुढें हिरुडिनाऐवजीं हेपॅरिनहि वापरून पाहिलें. पण रोगी वांचेनात, आणि त्यानें तो नाद सोडला.

विलेम कोल्फ ह्यांस ही सारी पूर्वपीठिका वारशानें मिळाली होती असें नाहीं. १९३८ सालीं खोनिंगेनच्या रुग्णालयांत ते शिकाऊ डॉक्टर असतांना एक बाविशींतील शेतकरी तरुण मूत्रपिंडें निकामी होऊन त्यांच्या डोळ्यांदेखत मेला. मुलगा जात आहे हें त्याच्या आईस सांगण्याची पाळी ह्या तरुण डॉक्टरावरच आली. ह्या मुलाच्या रक्तांतून दररोज वीस ग्रॅम युरिया काढतां आला असता तर, असा हिशेब त्यांच्या मनानें घेतला. सॉसेजवर चढविण्याच्या सेलोफेनच्या नळीचा तुकडा त्यांनीं घेतला, त्यांत थोडें रक्त भरून युरिया घातला, आणि ती नळी मिठाच्या पाण्यांत हलवीत ठेवली. पांच मिनिटांत जवळजवळ सर्व युरिया बाहेर गेला होता. यंत्राचें सगळें तत्त्व ह्या एका तुकड्यांत होतें. उरला होता तो लांबीरुंदीचा व सुताराचा भाग.

मध्यंतरीं १९४० च्या मे महिन्यांत जर्मन फौजा हॉलंडांत शिरल्या. कोल्फ ह्यांचे गुरु प्राध्यापक पोलाक डॅनियल्स हे यहुदी होते. त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें आत्महत्या केली. त्यांच्या जागीं नाझी पक्षाच्या मनुष्याची नेमणूक झाली, तेव्हां त्याच्या हाताखालीं राहण्यापेक्षां लहान गांव बरें म्हणून कोल्फ काम्पेनला गेले. विद्यापीठाची प्रयोगशाळा सुटली. पण त्या गांवांत बर्क नांवाच्या कारखानदाराचा एनॅमलच्या भांड्यांचा कारखाना होता. यंत्राचें मोठें एनॅमलचें टांकें ह्या ओळखींतून आलें. टांक्यांत मिठाचें सुमारें शंभर लिटर पाणी, त्यांत अर्धें बुडालेलें आडवें पिंप, पिंपाभोंवतीं गुंडाळलेली वीसएक मीटर सेलोफेनची नळी. पिंप फिरे तसतसें नळींतील रक्त पाण्यांतून सरकत पुढें जाई. फिरत्या पिंपांत रक्त गळूं न देतां शिरावें कसें, ह्या अडचणीचें उत्तर फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपांत सांपडलें. धातूची टंचाई म्हणून नंतरच्या यंत्रांत लांकडी पट्ट्या आल्या. हें वर्णन वाचून हंसूं येईल. परंतु आजच्या यंत्रांतहि पडदा, पाणी आणि न गोठणारें रक्त ह्या तीनच गोष्टी मुख्य आहेत.

मार्च १९४३ मध्यें पहिली रोगी आली ती एकोणतीस वर्षांची तरुणी होती. तिचीं मूत्रपिंडें जुन्या विकारानें कायमचीं गेलेलीं होतीं. बारा वेळां तिचें रक्त धुतलें. प्रत्येक वेळीं ती सुधारे, आणि प्रत्येक वेळीं एक नवी रक्तवाहिनी खर्चीं पडे. सव्वीस दिवसांनीं उघडण्यास वाहिनीच उरली नाहीं. ह्या एका रोग्यांत साऱ्या अडचणीचें मर्म आहे. यंत्र आपलें काम करीत होतें, पण मागें परत येणारें मूत्रपिंडच नव्हतें. ज्याचें घर पडलें आहे त्यास एका रात्रीचा निवारा किती पुरणार?

परत येणारें मूत्रपिंड ही काय वस्तु आहे, हें त्याच सुमारास समुद्रापलीकडे लंडनमध्यें कळूं लागलें होतें. बाँबखालीं पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांतून बाहेर काढलेलीं कित्येक माणसें प्रथम ठीक दिसत, थोड्याच तासांत त्यांचा रक्तदाब कोसळे, तो सांवरल्यावर लघवी बंद होई, आणि आठवडाभरांत तीं दगावत. बायवॉटर्स व बील ह्यांनीं १९४१ च्या मार्चमध्यें असे चार रोगी वर्णन करून प्रसिद्ध केले. चारहि मेले होते. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्यें रक्तांत उतरून मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांचा नाश करीत होतीं. परंतु ह्या नलिका पुन्हा वाढतात! दोनतीन आठवडे जीव राहिला तर लघवी आपली आपण सुरू होते. म्हणजे एका प्रकारच्या रोग्यास यंत्र जन्मभर हवें, तर दुसऱ्यास केवळ थोडे दिवस. आणि काम्पेनचें यंत्र फक्त दुसऱ्यासच पुरें पडण्यासारखें होतें.

तसा रोगी सप्टेंबर १९४५ मध्यें आला. वास्तविक ती सदुसष्ट वर्षांची एक बाई होती, पित्ताशयाच्या विकारानें लघवी बंद पडून बेशुद्ध झालेली. ती शत्रूच्या पक्षाची म्हणून अटकेंत होती. ज्या सत्तेनें कोल्फ ह्यांच्या गुरूस मरणाच्या दारीं लोटलें तिचीच ही पुरस्कर्ती. गांवांत तिच्याविषयीं ममता असण्याचें कांहीं कारण नव्हतें. कोल्फ ह्यांनीं तिला यंत्राशीं जोडलें. सुमारें साडेअकरा तासांनीं तिनें डोळे उघडले. शुद्धीवर येतांच तिनें नवऱ्याशीं काडीमोड घेण्याचा मनोदय बोलून दाखविला, व पुढें तो खराहि केला, असें सांगतात. तिचीं मूत्रपिंडें पूर्ववत् चालूं लागलीं; ती आणखी सहा वर्षें जगून दुसऱ्याच आजारानें वारली. अनुक्रमानें ती सतरावी होती. पहिल्या सोळांहून तिचें भाग्य थोर होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. तिचा रोग निराळा होता, इतकेंच.

युद्ध संपल्यावर कोल्फ ह्यांनीं आपलीं यंत्रें लंडन, न्यूयॉर्क, माँट्रियल येथील रुग्णालयांस मोफत देऊन टाकलीं. एक पोलंडासहि गेलें. त्यांनीं पेटंटाच्या भानगडींत पडण्याचें मनावर घेतलें नाहीं. परंतु देणगी मिळाली म्हणून आदर मिळाला असें नाहीं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत कांहीं रोग्यांवर यंत्र चालवून पाहिलें, आणि थोड्याच काळांत तें बाजूस पडलें. तेथील डॉक्टर बुल व आम्स्टरडॅमचे प्राध्यापक बोर्स्ट ह्यांचा पक्ष असा कीं, यंत्राची जरूरीच नाहीं; रोग्यास प्रथिनें मुळींच देऊं नयेत, पाणी मोजून द्यावें, साखर व तेल किंवा लोणी ह्यांवर त्यास तगवावें, आणि मूत्रपिंडांची वाट पाहावी. आज हा आहार ऐकून अंगावर कांटा येतो. तथापि ह्या मंडळींस अडाणी समजणें अन्याय होईल. यंत्रापायीं होणारा रक्तस्राव, थंडीतापाचे झटके व जंतूंची लागण त्यांनीं पाहिली होती, आणि अनेक रोगी यंत्रावांचून बरे होतात हेंहि पाहिलें होतें. त्यांचें चुकलें तें इतकेंच कीं, जे वाट पाहण्यापूर्वींच मरत होते त्यांस त्यांच्याजवळ उत्तर नव्हतें.

तें उत्तर पुन्हा एका युद्धानें दिलें. बोस्टनच्या ब्रिगॅम रुग्णालयांत जॉन मेरिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोल्फ ह्यांचें यंत्र सुधारलें होतें. तसलें एक यंत्र १९५२ सालीं कोरियांतील वोंजू येथें आघाडीमागच्या रुग्णालयांत नेलें. दुसऱ्या महायुद्धांत जबर जखमी होऊन लघवी बंद पडलेल्या दहा सैनिकांपैकीं सुमारें नऊ दगावत. कोरियांत हें प्रमाण निम्म्याहून थोडेंसें अधिक इतकें उतरलें. मुख्य गुण पोटॅशियम उतरविण्यांत आला. शंका घेणाऱ्यांचीं तोंडें त्यानंतर बंद झालीं. ज्या इंग्लंडांत यंत्र अडगळींत गेलें होतें, तेथेंहि १९५६ सालीं लीड्स येथें तें पुन्हा चालूं लागलें.

सिएटलच्या स्क्रिबनर ह्यांनीं १९६० सालीं टेफ्लॉनची कायम बसविलेली नळी काढली, आणि कायमच्या रोग्यांसहि आयुष्य मिळूं लागलें. पण तो इतिहास निराळा आहे. अतिदक्षता विभागाच्या दृष्टीनें ग्योटिंगेनच्या पेटर क्रामर ह्यांचा १९७७ सालचा शोध अधिक महत्त्वाचा. शिरेंत घालावयाची नळी चुकून धमनींत शिरली, तेव्हां रोग्याच्या हृदयाच्या दाबानेंच रक्त गाळून घेतां येईल असें त्यांच्या ध्यानीं आलें. चार तासांत रक्त जोरानें धुणें ज्याच्या कोसळलेल्या रक्तदाबास सोसत नाहीं, त्याचें रक्त रात्रंदिवस संथपणें धुण्याची आजची पद्धति ह्या चुकींतून निघाली.

यंत्र असें सौम्य झालें तसा त्याचा मोह वाढला. लावावयाचेंच आहे तर लवकर कां न लावावें? हा जुनाच वाद होता. फरक इतका कीं, आतां तो मोजून सोडविण्याची सोय होती. फ्रान्समध्यें ६२० रोग्यांवर केलेली चांचणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या बाबतींत थांबावयाचें ठरलें त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांस यंत्र लागलेंच नाहीं, आणि मृत्यूंचें प्रमाण दोन्हीं बाजूंस जवळपास सारखेंच राहिलें. त्याच वर्षीं एका जर्मन रुग्णालयांतील लहान चांचणीनें उलट कौल दिल्यामुळें कांहीं काळ घोटाळा माजला. मग २०२० सालीं पंधरा देशांतील सुमारें तीन हजार रोग्यांचा निकाल आला: नव्वद दिवसांत लवकर लावलेल्यांपैकीं शेंकडा ४३.९ वारले, थांबलेल्यांपैकीं ४३.७. जे जगले त्यांत लवकर लावलेल्यांपैकींच अधिक लोक पुढें यंत्रावर अवलंबून राहिले. ह्यावरून वाटेल तितकें थांबावें असेंहि नव्हे. फार उशीर केल्यास अपाय संभवतो अशी चिन्हें २०२१ च्या दुसऱ्या फ्रेंच चांचणींत दिसलीं. पोटॅशियम चढलें, श्वास कोंडला, तर क्षणाचाहि विलंब नको, ह्याविषयीं दुमत नाहीं. बुल व बोर्स्ट ह्यांस अर्धा न्याय मिळण्यास सत्तर वर्षें लागलीं.

आमच्या वाचकांस हें सारें दूरदेशचें वाटूं नये. घोणस चावल्यावर, किंवा पावसाळ्यांत लेप्टोस्पायरोसिस झाल्यावर जें मूत्रपिंड बंद पडतें, तें पुष्कळदां ह्याच परत येणाऱ्या जातीचें असतें. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईनें असे रोगी पाहिले. कोंकणांत भाताच्या खाचरांतून उचलून आणलेल्या शेतकऱ्यास यंत्र असलेलें रुग्णालय गांठण्यास कित्येकदां घाट उतरावा किंवा चढावा लागतो. तो तेथें पोंचला म्हणजे त्याच्या उशाशीं यंत्र उभें करतात, आणि बिछान्याखालीं लघवीची पिशवी टांगतात. डॉक्टर दिवसांतून अनेकदां दोहोंकडे पाहतो. आठदहा दिवस पिशवींत गढूळ पाण्याचे चार थेंबच असतात. मग एखाद्या सकाळीं परिचारिका तक्त्यावर दोनशें मिलिलिटर लिहिते, दुसऱ्या दिवशीं सहाशें.