परमुलखातले हसू

'देश तसा वेश' असे आपण म्हणतो खरे. पण दुसऱ्याच्या मुलखात जाऊन राहायची पाळी आली, म्हणजे वेश बदलणे सोपे आणि जीभ वळवणे महाकठीण, असे अनुभवास येते. इंग्रज आणि फ्रेंच यांचेच पाहा ना. मध्ये फक्त एक अरुंद समुद्राची पट्टी. हवा निवळ असली तर डोव्हरहून पलीकडचा किनारा दिसतो. तरी फ्रान्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजाची रोज काही ना काही फजिती व्हायचीच. तिथे ओळखीचा माणूस भेटला की गालाला गाल लावायचा, आणि हा साहेब बिचारा अंग चोरून उभा! १९५४ साली प्येर दानिनोस या फ्रेंच लेखकाने मेजर थॉम्प्सन नावाचा काल्पनिक इंग्रज उभा केला आणि त्याच्या तोंडून आपल्याच देशबांधवांची थट्टा केली. पुढे १९८९ साली पीटर मेल या इंग्रजाने फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातल्या आपल्या पहिल्या वर्षाची हकीकत प्रसिद्ध केली. घर दुरुस्त करणारे कारागीर येतात केव्हा आणि गडप होतात केव्हा, याचे त्यात मोठे मजेदार वर्णन आहे. आपल्यापैकी ज्याने घर बांधले असेल, त्याला ही मंडळी आपल्याच गावची वाटतील.

आता ही गंमत आपल्या बाजूला आणू. व्हेरिअर एल्विन हा ऑक्सफर्डला शिकलेला इंग्रज. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात तो आला आणि तिथे त्याला शामराव हिवाळे हा मराठी मित्र मिळाला. १९३२ साली हे दोघे मैकल डोंगरातल्या करंजिया या गोंडांच्या गावी, मंडला जिल्ह्यात, जाऊन राहिले. तिथल्या दिवसांची रोजनिशी एल्विनने १९३६ साली इंग्रजीत छापली. ती वाचताना हसू येते; पण त्या हसण्याची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. रानातल्या माणसांना हसणारे साहेब त्या काळी पुष्कळ होते. एल्विन मात्र बरेचदा स्वतःलाच हसतो. परक्या घरी आपणच अडाणी आहोत, हे त्याला लवकर उमगले. ज्याला हे उमगते तो पाहुण्याचा घरचा होतो. एल्विन तसा झाला; १९५४ साली तो भारताचा नागरिक बनला.

पण परमुलूख गाठायला समुद्रच ओलांडावा लागतो, असे थोडेच आहे? भामरागडजवळचे हेमलकसा घ्या. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. मग डॉक्टर प्रकाश आमटे आणि डॉक्टर मंदाकिनी आमटे तिथे राहायला आले. जिल्हा त्या वेळी चंद्रपूरच. गडचिरोली वेगळा झाला १९८२ साली. म्हणजे आपलाच जिल्हा, आपलेच राज्य, आणि तरीही ही शिकलेली मंडळी तिथे शुद्ध परकी! त्यांना पाहिले की माडिया माणसे रानात पळत. दवा द्यायला डॉक्टर तयार, पण दुखते कुठे हे विचारणार कसे? दुभाष्या नव्हता. मग खुणा करायच्या, एकेक शब्द टिपायचा, चुकायचे, पुन्हा विचारायचे. भोवतालच्या लोकांच्या अंगावर पुरते कापड नाही, हे पाहून प्रकाशरावांनी आपले कपडे बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आणले. 'देश तसा वेश' ही म्हण त्यांनी अशी खरी केली. १९७६ साली तिथे शाळा निघाली, आणि त्यांची स्वतःची मुलेही माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत बसली.

शिक्षक बंधुभगिनींनो, मला जे सांगायचे आहे ते या शाळेपाशीच आहे. माडिया ही गोंडीची बोली. तिचे गोत्र द्राविडी, म्हणजे तेलुगूचे. आपल्या मराठीचे नव्हे. गोंडीत एक, दोन, तीन म्हणजे उंदी, रंड, मुंड. तेलुगू माणसाला यात आपले रेंडु आणि मूडु ओळखू येतील. मराठी कानाला 'मुंड' म्हटले की मुंडके आठवते! गोंडीत पाण्याला म्हणतात येर. आता समजा, पहिलीतले पोर तहानेने म्हणाले, 'येर'. गुरुजींना वाटणार, हा मला 'ये रे' म्हणतो, काय उद्धट कार्टे आहे! पोराला पाणी मिळत नाही, मिळतात डोळे वटारलेले.

इंग्रजाला फ्रान्समध्ये फारच कंटाळा आला तर बोटीत बसून तो घरी जाऊ शकतो. डॉक्टरांनाही नागपूरची वाट मोकळी होती. हे पोर कुठे जाईल? ते आपल्याच गावात आहे, आपल्याच झाडाखाली आहे, आणि शाळेच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच परमुलखात जाते. ते गप्प बसले तर आपण पटकन म्हणतो, मूल मंद आहे. मंद नव्हे हो, ते परदेशी झाले आहे. आणि असे गप्प बसलेले पोर चार दिवसांनी शाळेत यायचेच थांबते.

मराठी त्याला शिकवलीच पाहिजे. बाजार, दवाखाना, तहसील, सगळीकडे तिची गरज लागते. पण पहिल्या आठवड्यात गुरुजींनी त्याच्याकडून दहा शब्द शिकावे. पाणी, भात, आई, कोंबडी, दुखते, असे रोजचे. उच्चार चुकतील, वर्ग खो खो हसेल. हसू द्यावे. कधी कधी गुरुजींनी विद्यार्थी व्हावे आणि विद्यार्थ्याने गुरुजी, यात कमीपणा नाही. आपल्याला हसलेले पोर दुसऱ्या दिवशी आपल्याला न भिता पुढच्या ओळीत येऊन बसते.